आढ्यावरचे बियाणे

निसर्गाची सेवा म्हटली म्हणजे कुदळ-फावडी घेऊन डोंगराकडे निघालेली मंडळी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभी राहतात. अशी मंडळी हवीतच. परंतु ज्यांना घराबाहेर फारसे पडता येत नाही, अशीही माणसे प्रत्येक गावात असतात. गुडघे दुखतात म्हणून ओटीवर बसून राहणारी आजी, तान्ह्या मुलापासून दूर जाऊ न शकणारी आई, धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुलगी, यांच्या हातून या कार्यात काहीच घडत नाही, असा समज पुष्कळांचा असतो. नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याची घरे ज्याने पाहिली, त्याचा हा समज टिकणार नाही.

अक्राणी तालुक्यात धडगावच्या आसपास भिल्ल आणि पावरा लोकांचे पाडे डोंगरउतारांवर विखुरलेले आहेत. तेथील जुन्या वळणाच्या घरात शिरल्यावर मान वर करून पाहावे. चुलीच्या वर, वाशांना मक्याच्या कणसांच्या जुड्या टांगलेल्या दिसतात. कणसाची पाने काढून न टाकता तीच एकमेकांत गुंफून ही जुडी बांधतात. खालून चुलीचा धूर लागत राहतो. त्यामुळे दाणे कोरडे राहतात आणि किडा त्यांच्याजवळ सहसा फिरकत नाही. एका घरी पांढरा मका असतो, दुसऱ्या घरी पिवळा, तिसऱ्या घरी जांभळट. ज्वारी, तूर, उडीद यांचे बियाणे राखेत घोळून निराळे ठेवतात. हे धान्य खाण्याचे नव्हे, पुढील पेरणीचे होय. आणि ते निवडण्याचे, वाळविण्याचे व राखण्याचे काम बहुधा घरातील स्त्रियांच्या हाती असते.

गंमत अशी, की मका हे मूळचे या डोंगरांतील पीक नव्हेच. ते दूर अमेरिका खंडातून भारतात आले. पातळ माती, तीव्र उतार आणि मनास येईल तेव्हा पडणारा पाऊस यांतून जे ताट तगले, त्याचेच कणीस घरातील शहाण्या हातांनी बियाण्यासाठी राखले. असे पिढ्यानुपिढ्या चालले आणि परका मका सातपुड्याचा झाला. ही निवड कोणत्याही प्रयोगशाळेत झाली नाही. ती अंगणात, सुपात झाली.

असे निरनिराळे वाण राखण्याचे महत्त्व त्याच अमेरिकेला १९७० साली कळून आले. तेथील बहुतेक शेतांत पेरलेल्या संकरित मक्याचा मातृवंश एकच होता. पानांवर करपा पडला आणि त्या एकाच वंशाला तो बाधल्यामुळे देशातील मक्याचे सुमारे १५ टक्के पीक एका हंगामात बुडाले. शेते वेगवेगळी होती, परंतु रोगाच्या दृष्टीने ती सारी एकच होती. ज्या गावात दहा घरी दहा प्रकारचे बियाणे असते, तेथे एका रोगाने सर्वांचेच ताट रिकामे होण्याचे भय पुष्कळ कमी असते.

संकरित बियाणे अधिक उत्पन्न देते, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्याला चार पैसे हवे आहेत, त्या शेतकऱ्याने ते पेरले तर त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु त्याच्या पिकातील दाणे पुन्हा पेरले, तर तसेच पीक येत नाही. दरवर्षी दुकानाची पायरी चढावी लागते. घरचे बियाणे संपले, की ते मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही. आपल्या शेतातील बियाणे राखण्याचा, पेरण्याचा आणि शेजाऱ्याला देण्याचा हक्क २००१ सालच्या कायद्याने भारतीय शेतकऱ्यास दिलेला आहे. तो हक्क वापरणारे हात घरात हवेत, एवढेच.

नॉर्वे देशाच्या उत्तरेस स्वालबार्ड बेटांवर बर्फाळ डोंगरात २००८ साली जगभरच्या बियाण्यांचे मोठे भांडार उघडण्यात आले. ते उपयुक्तच आहे. पण तेथे बीज निद्रिस्त असते, बदलत्या पावसाची त्याला वार्ता नसते. घरचे बीज दरवर्षी मातीत जाते आणि नव्या ऋतूशी ओळख करून घेते. म्हणूनच धडगाव भागात बायफ या संस्थेने शेतकऱ्यांच्याच साहाय्याने मका-ज्वारीचे स्थानिक वाण जमविले. अहिल्यानगर जिल्ह्यातील कोंभाळणे या खेड्यातील राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. परंतु त्यांनी आपल्या घरात जुन्या वाणांचे बियाणे जमवून ते गावोगावच्या शेतकऱ्यांना दिले, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

आता पुष्कळ घरांत गॅस आला आहे. आईच्या डोळ्यांतील धूर गेला, हे फार चांगले झाले. बियाण्याकरिता कोणी पुन्हा धुरात बसू नये. मात्र धुराचे काम दुसऱ्या कशाने तरी करावयास हवे. बियाणे दातांखाली कट्‌कन फुटेल इतके वाळवावे आणि कोरड्या राखेसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. ओल राहिली, तर उत्तम बीजही बुरसते.

नंदुरबार किंवा शहादा येथील शहरी घरांतील मुलांनाही हे काम अशक्य नाही. त्यांनी आरंभी मक्याच्या वाटेस जाऊ नये. मक्याचे पराग वाऱ्याबरोबर दूर जातात आणि वाणांची सरमिसळ होते. वाल बरा, त्याचे बी बहुधा मूळ वेलासारखेच निपजते. एक वेल कुंपणावर चढविण्यास पुरेशी जागा परसात किंवा गच्चीवरच्या डब्यातही मिळते. खरी कसोटी पुढेच असते. वेलावरच्या सर्वांत टपोऱ्या, निरोगी शेंगा भाजीसाठी न तोडता वेलावरच वाळू द्याव्या लागतात. उरल्यासुरल्या शेंगांचे बी राखले, तर वाण दुबळे होत जाते. जाणत्या बायका अशा शेंगांच्या देठांना आधीच रंगीत चिंधी बांधून ठेवतात. मग घरी पाहुणा आला आणि भाजी थोडी कमी पडली, तरी त्या शेंगांना कोणी हात लावीत नाही.