ऑगस्टची फळगळ आत्ता झाडावर लटकून आहे



रोहिणी लागल्या. चांदूर बाजारातल्या दुकानांसमोर संत्रावाल्यांच्या गाड्या आतापासूनच उभ्या राहायला लागल्या. परवा मी ठिबकची टोपणं घ्यायला गेलो होतो. माझ्यापुढच्या भावानं मोबाईलवर झाडाचा फोटो दाखवला न् म्हणाला, "मांगच्या साली अर्धा माल खाली आला. औंदा आधीच काही देऊन ठेवा." काउंटरवरच्या पोरानं फोटो धड पाहिलाही नाही. पाच बाटल्या मांडल्या. एक बुरशीची, एक किडीची, एक हार्मोन, एक टॉनिक, आणि एक "हे सारं पानाले चिपकून राहाले पाह्यजे म्हणून". भावानं बिल न मागता पैसे दिले.

मी हसलो नाही. चार वर्षांआधी त्याच्या जागी मी होतो. ऑगस्टात आठ दिवस झड लागली, आंबिया बहाराचं फळ पटापट खाली यायला लागलं. पाच औषधं एका ड्रममध्ये ढवळून मी ब्लोअरनं दोनदा मारली. दुसऱ्या फवारणीनंतर चौथ्या दिवशी बाबा टोपलंभर गळालेली संत्री घेऊन आले, ओसरीत ओतली आणि म्हणाले, "आता हे पाय, आन् सांग मले, कोनत्या बाटलीनं कोनतं थांबलं?"

मला सांगता आलं नाही. मग आम्ही बापलेक सुरी घेऊन बसलो आणि एकेक फळ कापून ढीग लावले. त्या दिवशी जे कळलं ते असं.

पहिला ढीग देठाकडून काळं-तपकिरी पडलेल्या फळांचा. ही देठसड. कोलेटोट्रिकम आणि बोट्रिओडिप्लोडिया या बुरशींची.

दुसरा ढीग खालच्या फांद्यांवरच्या फळांचा. तपकिरी डाग, मऊ पडलेली साल आणि आंबूस वास. ही फायटोफ्थोराची कूज. जमिनीतली बुरशी पावसाच्या उडणाऱ्या थेंबांसोबत फळावर चढते.

तिसऱ्या ढिगातल्या फळांना सुईच्या टोकाएवढं छिद्र, भोवती मऊ गोल डाग. दाबलं की रस बाहेर. हा रात्री येणारा रस शोषणारा पतंग.

चौथ्यात कापल्यावर आत पांढऱ्या अळ्या. ही फळमाशी.

पाचव्या ढिगातली फळं स्वच्छ होती. डाग नाही, छिद्र नाही, तरी गळाली. ती झाडानंच सोडली. कुठं पाण्याचा ताण, कुठं मुळाशी साचलेलं पाणी, कुठं झाडाच्या ताकदीबाहेर लागलेला बहार.

म्हणून माझं पहिलं म्हणणं हे आहे, की फळगळ हा एक रोग नाही. अंगात ताप आहे एवढंच ऐकून जो डॉक्टर मलेरिया, टायफॉइड न् न्यूमोनियाच्या गोळ्या एकदम देईल, त्याच्याकडे आपण दुसऱ्यांदा जाणार नाही. झाडाच्या बाबतीत मात्र दरसाल जातो.

दुसरं म्हणणं जास्त महत्त्वाचं, आणि ते आत्ता, पावसाआधीच सांगायला पाहिजे. यातलं बरंचसं ऑगस्टात सुरू होतच नाही. ते आज तुमच्या बगीच्यात आहे.

उद्या सकाळी झाडाखाली उभं राहून वर पाहा. वाळलेल्या काड्या दिसतील. ती सल. देठसडीच्या बुरशी उन्हाळाभर त्या काड्यांत बसून राहतात आणि पाऊस पडला की बीजाणू थेंबासोबत खालच्या फळावर उतरतात. सल झाडावर ठेवून बुरशीनाशक मारणं म्हणजे वरची टाकी गळत असताना ओसरी पुसत बसणं. तोडणीनंतर एकदा आणि पावसाआधी एकदा सल काढा. हिरव्या भागाचा इंचभर तुकडा सोबत गेला पाहिजे. कापलेल्या जागेवर बोर्डो पेस्ट लावा. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवा. काड्या धुऱ्यावर टाकू नका, बगीच्याबाहेर नेऊन जाळा.

फायटोफ्थोराचंही तसंच. डिंक्या आणि मूळकूज करणारी हीच बुरशी. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते, आणि आपण खोडालगत आळं करून पाणी सोडतो. डबल आळं करा, खोडाला पाणी लागू देऊ नका. उताराच्या दिशेनं चर आत्ताच काढा, झड लागल्यावर चिखलात कोणी चर काढत नाही. बोर्डो पेस्टला एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. खोडाला मीटरभर उंचीपर्यंत, पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा. प्लास्टिकच्या भांड्यात करा. तयार झाल्यावर लोखंडी खिळा बुडवून पाहा. तांबूस झाला तर चुना कमी पडला. त्याच दिवशी वापरा, आणि त्यात दुसरं काहीही मिसळू नका. खालच्या फांद्या जमिनीला टेकत असतील तर बांबूचे टेकू द्या.

पतंगाबद्दल तर आपण उलटंच करतो. फवारणी झाडावर, आणि त्याची अळी वाढते धुऱ्यावरच्या गुळवेलीवर न् वासनवेलीवर. कोरोनात काढ्यासाठी आमच्या कुंपणावर गुळवेल मुद्दाम चढवली, मग तशीच राहिली. औषधी आहे, मला मान्य. घरी अंगणात लावा, बगीच्याच्या कुंपणावरून काढा. गळालेली फळं रोज उचलून खोल खड्ड्यात गाडा, नाहीतर फळमाशीला पुढची पिढी आपणच पोसतो. तिच्यासाठी मिथाइल युजेनॉलचे सापळे तोडणीच्या दोन महिने आधी लागले पाहिजेत, फळं पिवळी झाल्यावर नाही.

आता कोळशी. पानावरचा काळा थर ही बुरशी खरी, पण ती वाढते काळ्या माशीच्या पिलांनी टाकलेल्या चिकट पाण्यावर. पिलं पानाच्या खालच्या बाजूला चिकटलेली असतात, आणि आपण वरून धुवून काढतो. निंबोळी तेल असो की दुसरं काही, पान उलटून पाहा, निम्मी अंडी फुटली असतील तेव्हा खालून वर मारा. आठ दिवस आधी किंवा महिनाभर नंतर मारलं तर पैसे गेले. वर किडीचे शत्रू मेले, कोळी वाढला आणि फळावर लाल्या आला, की त्यासाठी सहावी बाटली.

मला उलट विचारणारे विचारतील, "भाऊ, सल काढाले माणसं कुठून आणू? ब्लोअरनं एका दिवसात बगीचा होते." प्रश्न खरा आहे. मजूर मिळत नाही आणि मिळाला तर झाडावर चढत नाही. मलाही एका साली पूर्ण बगीचा झाला नाही. विहिरीकडचा तुकडा झाला, नाल्याकडचा राहिला. तेव्हा दोन्हीकडची पाच-पाच झाडं धरून दर सोमवारी खालची फळं मोजली. नाल्याकडे देठसडीची फळं कितीतरी जास्त पडली. पाच झाडांवरून विद्यापीठ चालत नाही, हे मला समजते, म्हणून आकडा सांगत नाही. पण माझा निर्णय त्यावरून झाला. दोन फवारण्यांचे पैसे वाचवले तर त्यात मजुरी निघते. तेही जमत नसेल तर सगळ्यात जास्त सल असलेली झाडं आधी घ्या.

दुसरे म्हणतील, "म्हणजे फवाराच नाही का?" फवारा. सतत पाऊस लागला, कूज दिसली, तर शिफारस केलेलं बुरशीनाशक लागेलच. पण एका वेळी एका कारणासाठी, संत्र्यावर लेबल क्लेम असलेलं, पक्कं बिल घेऊन. २०१७ साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली. औषधांची मनमानी मिश्रणं हाही त्या वेळी चर्चेतला मुद्दा होता. ड्रमात हात घालून ढवळणारा रोजदार आपल्याच गावचा असतो.

हे फक्त आपल्याच भागाचं नाही. काश्मीर-हिमाचलात सफरचंदावर स्कॅब नावाचा रोग येतो. त्याची बुरशी हिवाळाभर गळालेल्या पानांत राहते. म्हणून तिथं पानगळीच्या तोंडावर युरिया फवारतात, पानं लवकर कुजवतात, रोगाचं घरच मोडतात. पुढच्या फवारण्याही हिरवं टोक, गुलाबी कळी, पाकळ्या गळणं अशा झाडाच्या अवस्था पाहून ठरतात. आपल्याकडे फवारणी शेजाऱ्याच्या ब्लोअरचा आवाज ऐकून ठरते.

शेवटी कृषी विभागातल्या आणि विद्यापीठातल्या मंडळींना, जे हे वाचतात. सल काढणं, बोर्डो, डबल आळं हे सगळं नागपूरच्या लिंबूवर्गीय संस्थेनं आणि अकोल्याच्या विद्यापीठानं केव्हाच सांगून ठेवलं आहे. मी नवीन काही शोधलं नाही. माझी तक्रार वेळेची आहे. शिवारफेरी ऑगस्टात निघते, फळं खाली पडल्यावर. ती मे महिन्यात काढा. हॉलमध्ये पडद्यावर फोटो दाखवू नका, झाडाखाली कात्री हातात घेऊन दाखवा. भाव आपल्या हातात नाही, पाऊस नाही. कात्री आहे.

माझी नाल्याकडची ऐंशी झाडं राहिली आहेत. उद्या सकाळी सहाला दोन माणसं आणि बाबा, असे चौघं लागतो. पहिल्या पावसाआधी संपवायची आहेत.