‘लॅप्स’ : कर्ता लपविणारे क्रियापद

साताऱ्याचे राज्य १८४८ साली ‘लॅप्स’ झाले, असे इंग्रजी इतिहासग्रंथ सांगतात; मराठी माणूस ते इंग्रजांनी खालसा केले असे म्हणतो. या दोन क्रियापदांतील अंतर भाषांतराच्या वर्गात सहसा दुर्लक्षिले जाते. ते तसे दुर्लक्षिण्याजोगे नाही, असे आमचे मत आहे.

‘लॅप्स’चे मूळ लॅटिन ‘लाबी’ या क्रियापदात आहे. घसरणे, निसटणे, ढळणे हे त्याचे अर्थ. ‘कोलॅप्स’ आणि ‘रिलॅप्स’ ही त्याच घरची भावंडे. इंग्रजीत या शब्दाने जिभेची चूक दाखविली, धर्ममार्गावरून ढळणे दाखविले. चर्चच्या कायद्यात धर्मगुरू नेमण्याचा हक्क मुदतीत न बजावल्यास तो वरिष्ठाकडे जाई, तेही ‘लॅप्स’च. आज हप्ता थकला की विम्याची पॉलिसी ‘लॅप्स’ होते. कायद्यातील आणि व्यवहारातील या अर्थांत गृहीत एकच : हक्क ज्याचा, हयगयही त्याचीच.

साताऱ्यात हयगय कोणाची होती? शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनी मृत्यूपूर्वी दत्तक घेतला होता. डलहौसीच्या सरकारने त्याचा गादीवरील हक्क नाकारला. म्हणजे काही निसटले नव्हते. काढून घेतले गेले होते. पण क्रियापद अकर्मक निवडले की काढून घेणाऱ्यास वाक्यात उभे राहावे लागत नाही.

शेजारच्या सांगलीचे उदाहरण याला पूरक आहे. धुंडिराज पटवर्धन १९०१ मध्ये निपुत्रिक वारले आणि १९०३ मध्ये चिंतामणराव दत्तक म्हणून गादीवर आले. १८५७ नंतर इंग्रजांचे धोरण पालटले होते, म्हणून तेथे काहीही ‘लॅप्स’ झाले नाही. राज्य आपोआप निसटत असते, तर धोरण पालटल्याने ते थांबले नसते.

आमचा शब्दही निर्दोष आहे असे नव्हे. ‘खालसा’च्या मुळाशी ‘शुद्ध’ या अर्थाचा अरबी ‘खालिस’ आहे, आणि ‘राज्य खालसा झाले’ असे म्हणून आम्हीही कर्त्याला सोडून देतोच. तरीही ‘करणे’ जोडताच ‘कोणी?’ हा प्रश्न टाळता येत नाही. ‘लॅप्स’ला तो प्रश्न विचारण्याची सोयच नाही.

म्हणून शिक्षकांस आमची विनंती एवढीच की, असा शब्द आला की विद्यार्थ्यांना केवळ प्रतिशब्द देऊ नये. त्या वाक्याचा कर्ता शोधण्यास सांगावे.