बुरखा, गोशा आणि शाळेचें दार

गेल्या पावसाळ्यांत आमच्या सातवीच्या वर्गांतील एक मुलगी आठ दिवस शाळेंत आली नाहीं. बाप पिंजारी; पूर्वी घरोघर जाऊन कापूस पिंजीत असे, आतां बाजाराच्या गांवीं गाद्या भरून देतो. मुलगी हिशेबांत हुशार, वाचनांत तर वर्गांत पहिली. एके दिवशीं ती डोकें व मान काळ्या फडक्यांत गुंडाळून आली. पोरें फिदीफिदी हंसलीं. पोरांस दटावावयाचें सोडून आम्ही तिलाच म्हणालों, "हें सोंग घरीं ठेवून येत जा." दुसऱ्या दिवसापासून तिची जागा रिकामी. चूक आमची होती, हें आधींच सांगून टाकतों; कारण पुढें जें लिहीत आहों तें ह्या चुकीवरूनच सुचलें आहे.

पारावर ह्या विषयीं जितकीं तोंडें तितकीं मतें. एक म्हणतो, बुरखा म्हणजे बाईच्या गळ्यांतील लोढणें, सरकारनें तो एकदांचा बंद करावा. दुसरा म्हणतो, त्यांच्या धर्मांत आपण कां पडावें? तिसरा विचारतो, कपाळावरचें कुंकू चालतें, डोक्यावरचा पदर चालतो, मग हेंच फडकें डोळ्यांत कां खुपतें? मशिदीजवळ बसणाऱ्या मंडळींतही एकमत नाहीं. म्हातारे म्हणतात, आमच्या आईनें जन्मांत बुरखा अंगावर घेतला नाहीं; तरुण म्हणतात, ही धर्माची आज्ञा आहे. ह्या दोन्ही बैठकींत बाई मात्र एकही नव्हती.

शिवाय बोलणारे सगळें एकाच दोरींत बांधतात. हिजाब म्हणजे केस व मान झांकणारें फडकें. तोंड उघडें राहतें. नकाबानें तोंड झांकतें. बुरख्यानें सर्वांग झांकतें. आणि गोशा म्हणजे बाईनें उंबऱ्याबाहेर पाऊलच टाकावयाचें नाहीं. मास्तराच्या दृष्टीनें ह्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. फडकें बांधलेली मुलगी बांकावर येऊन बसते. गोशांतली मुलगी हजेरीपटावरही नसते.

धर्माज्ञेचें म्हणाल, तर कुराणाच्या चोविसाव्या अध्यायांत आधीं पुरुषांस नजर खालीं ठेवण्याची आज्ञा आहे, आणि बायकांविषयींची आज्ञा त्यानंतर येते. दुसरी आज्ञा सर्वांस तोंडपाठ. पहिलीसाठीं पुरुषांचे डोळे बांधणारा मुल्ला आम्हांस अजून भेटावयाचा आहे.

परंतु हंसणाऱ्यांनीं आधीं आपल्या घराकडे पाहावें. मराठे सरदारांच्या वाड्यांत गोशा होताच. बडोद्याचे सयाजीराव महाराज १८७५ सालीं नाशिक जिल्ह्यांतील कवळाण्याच्या शेतकरी घरांतून दत्तक गेले. त्यांच्या राणी चिमणाबाई ह्यांसही गोशांत राहावें लागलें. पुढें त्यांनीं तो सोडला, आणि १९२७ सालीं पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या त्या अध्यक्षा झाल्या. त्यांचा पडदा कोणा शिपायानें ओढून काढिला नव्हता.

खुरपें हातीं धरणाऱ्या बाईस गोशा कधींच परवडला नाहीं. कुणब्याची, पिंजाऱ्याची, बागवानाची बायको डोक्यावर पदर घेऊन शेतांत आणि बाजारांत राबली म्हणून घरची चूल पेटली. घरांत चार दाणे जास्त आले कीं पहिल्यानें बाई आंत जाते. मग घरधनी मिशीला पीळ देऊन सांगतो, "आमच्या बायका बाहेर पडत नाहींत." हा खानदानीचा रोग सर्व जातींस व सर्व धर्मांस सारखाच लागतो. आमच्या कित्येक कुळवाडी बांधवांच्या घरीं आजही सून सासऱ्यासमोर मान वर करीत नाहीं. तेथें कोर्ट येत नाहीं आणि वर्तमानपत्रही येत नाहीं.

कर्नाटकांत मात्र कोर्ट आलें. उडुपी येथील एका सरकारी कनिष्ठ महाविद्यालयांत २०२१ सालच्या अखेरीस हिजाब घातलेल्या कांहीं मुलींस वर्गांत बसूं देईनात. लौकरच इकडे काळीं फडकीं तर तिकडे भगवीं उपरणीं असा देखावा उभा राहिला. ता. ५ फेब्रुवारी २०२२ रोजीं सरकारनें गणवेशाचा हुकूम काढिला. ता. १५ मार्च रोजीं तेथील हायकोर्टानें हिजाब हें इस्लामचें आवश्यक अंग नाहीं असें ठरवून तो हुकूम कायम केला. सुप्रीम कोर्टांत ता. १३ ऑक्टोबर २०२२ रोजीं दोन न्यायमूर्तींचे दोन निकाल पडले. हेमंत गुप्ता ह्यांनीं हुकूम योग्य ठरविला, सुधांशु धुलिया ह्यांनीं तो रद्द ठरविला. एवढे मोठे कायदेपंडित जेथें एक होऊं शकले नाहींत, तेथें आमच्या पारानें एक व्हावें असा आग्रह आम्ही धरीत नाहीं. परंतु धुलियांचा एक प्रश्न आमच्या काळजास भिडला: फडक्यापायीं मुलीचें शिक्षण बंद करून आपण तिचें आयुष्य सुधारलें काय?

सक्तीचा इतिहास पाहावयाचा असेल तर इराणाकडे पाहावें. १९३६ सालीं तेथील रझाशहानें पडदा सोडण्याचा हुकूम काढिला. पोलीस भर रस्त्यांत बायकांच्या अंगावरील चादरी ओढूं लागले, तेव्हां पुष्कळ बायकांनीं घराबाहेर पडणेंच सोडलें. १९७९ च्या क्रांतीनंतर वारें फिरलें आणि डोकें झांकण्याची सक्ती सुरू झाली. ता. १६ सप्टेंबर २०२२ रोजीं महसा अमिनी ही बावीस वर्षांची मुलगी तेहरानांत मरण पावली. तिनें डोकें नीट झांकलें नाहीं म्हणून पोलिसांनीं तिला धरून नेलें होतें. त्यानंतर इराणच्या मुलींनीं रस्त्यांत उभ्या राहून फडकीं जाळलीं. आजीचें फडकें ओढलें तेंही पोलिसांनीं, आणि नातीस फडक्यासाठीं धरलें तेंही पोलिसांनीं.

जीं कामें टिकलीं तीं बायकांनीं स्वतः केलेलीं. बंगालच्या रुकैया सखावत हुसेन ह्यांनीं १९११ सालीं कलकत्त्यास मुसलमान मुलींची शाळा चालू केली, आणि बायकांस कोंडून ठेवण्याच्या चालीवर 'अवरोधवासिनी' ह्या पुस्तकांत कोरडे ओढले. तरी त्यांच्या शाळेच्या मुली पडदे लावलेल्या गाडींतूनच येत. पडदा नको म्हणून त्या अडून बसल्या असत्या तर गाडी रिकामीच फिरली असती! आपल्या महाराष्ट्रांत ता. १८ एप्रिल १९६६ रोजीं हमीद दलवाई ह्यांनीं मुंबईंत विधिमंडळावर मोर्चा नेला, तोंडी तलाक बंद करा म्हणून. त्यांत बायका किती होत्या? सात. पण त्या सात जणी स्वतःच्या पायांनीं चालल्या होत्या.

आमचें मत विचाराल तर आम्ही लपवीत नाहीं. बाईनें तोंड झांकावें ही चाल आम्हांस पसंत नाहीं. ती पुरुषांनीं आपल्या सोयीसाठीं काढलेली आहे. परंतु ती मोडण्यासाठीं शाळेच्या दारांत रखवालदार बसविणें ह्यासारखा उफराटा उपाय नाहीं. जें तिला ती चाल मोडावयास शिकवील, तेंच आपण तिच्यापासून हिरावून घेतों.

असो. नवव्या दिवशीं आम्ही पिंजाऱ्याच्या घरीं गेलों. आजी ओट्यावर बसली होती, अंगावर नऊवारी लुगडें. ती म्हणाली, "मास्तर, तुमच्या आईच्या गाद्या म्या भरल्यात. डोईवर पदर हुता, बास. ह्ये काळं फडकं नातवानं आणलं." मुलगी दाराआड उभी होती. बऱ्याच वेळानें बोलली, "गुरुजी, दादा म्हणतो फडकं नसलं तर शाळा बंद. तुम्ही म्हणता असलं तर शाळा बंद. मला कुणी विचारलंच नाही."

आम्हीं विचारलें, "मग तुला काय पाहिजे, बाळ?"

"मला आठवीला जायचंय."

सोमवारीं ती आली, फडकें बांधूनच. आम्हीं सगळ्या वर्गासमोर तिची माफी मागितली, आणि हंसणाऱ्या पोरांसही मागावयास लाविली. आतां ती पहिल्या बांकावर बसते. खेळाच्या तासाला फडकें कधीं दप्तरांत जातें, कधीं जात नाहीं. आम्ही तिकडे पाहत नाहीं.

आमची शाळा सातवीपर्यंतच. आठवीसाठीं तालुक्याच्या गांवीं एस. टी. नें जावें लागतें. परवां तिचा बाप विचारीत होता, "तिकडचे मास्तर हिला वर्गात बसू देतील ना?" आम्हीं तेथील मुख्याध्यापकांस पत्र लिहिलें आहे. जूनला अद्याप दोन महिने आहेत. उत्तर आलेलें नाहीं.