अठरा पूर्ण झाले, आता राहायचं कुठे?

इंजिनिअरिंग संपवून मी नोकरीसाठी पुण्यात आलो, तेव्हा खोली शोधताना नाव सांगितलं की काही ठिकाणी 'कालच गेली' असं उत्तर मिळायचं. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हे ऐकलं असेल. अखेर खोली मिळाली ती मामूंमुळे. डिपॉझिट त्यांनी भरलं आणि मालकाला सांगितलं, "पोरगा माझा आहे, काही झालं तर मला फोन करा."

दोन वर्षांपूर्वी ओळखीतून एक मुलगा भेटला. बालगृहात वाढलेला, नुकताच अठरा पूर्ण झालेला. दुकानात काम होतं, भाडं परवडत होतं. पण मालकाला कोणीतरी जबाबदार माणूस हवा होता. मुलाने मला विचारलं. मी 'बघतो' म्हणालो आणि नंतर त्याचे फोन घेतले नाहीत. पुढे कळलं, तो कित्येक आठवडे दुकानातच झोपत होता.

त्यानंतर मी कायदा वाचला. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अशा तरुणांसाठी अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे. ती साधारण २१ वर्षांपर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत २३ पर्यंत मिळू शकते. मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी महिना ४,००० रुपये ठरले आहेत. पण कलम ४६ ची भाषा आर्थिक मदत 'देता येईल' अशी आहे, 'दिलीच पाहिजे' अशी नाही. शिवाय शहरात ४,००० रुपयांत भाडं आणि जेवण दोन्ही भागत नाही, डिपॉझिट तर दूरच. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांना शिक्षण आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण दिलं, हे चांगलंच झालं. पण परीक्षेचा अभ्यास करायलाही एक खोली लागते.

आपल्या समाजात यतीमाच्या डोक्यावर हात ठेवण्याला फार मान आहे. रमजानमध्ये यतीमखान्यांना जकात जाते, सदका जातो. पण पावतीपुस्तकावर फोटो असतो तो लहान मुलांचा. मिसरूड फुटलेल्या मुलाचा फोटो मी अजून पाहिलेला नाही. तो बालिग झाला, आता त्याचं तो बघेल, असं आपण धरून चालतो. स्वतःच्या घरातल्या अठरा वर्षांच्या मुलाला मात्र आपण असं वाऱ्यावर सोडत नाही. मुलींची अडचण तर याहून मोठी. त्यांना दुकानात झोपण्याचाही पर्याय नसतो.

सरकारची जबाबदारी आपण उचलावी, असं मी म्हणत नाही. अनुरक्षण हक्क म्हणून मिळावं, ही मागणी लावून धरायलाच हवी. पण आज रात्री लागणारी खोली कायदा बदलेपर्यंत थांबत नाही.

भाडं थकलं तर, मुलगा निघून गेला तर, ही भीती खरी आहे. मीही तिलाच घाबरलो होतो. म्हणून जोखीम एकट्याने घेऊ नये. मोहल्ल्यातल्या पाच कमावत्यांनी मिळून डिपॉझिटचा छोटा फंड करावा. पैसे उसने द्यावेत. खोली सोडताना परत आले की पुढच्याला द्यावेत. पाचांपैकी एकाचा नंबर मालकाकडे असावा. दुसऱ्याने मुलाबरोबर जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन अनुरक्षणाच्या अर्जामागे लागावं. हे काम अठरावं सरल्यावर नाही, सतरावं लागल्यावर सुरू व्हावं. आणि मुलगा कोणत्या धर्माचा, हे विचारू नये. नावावरून दार बंद होणं काय असतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

सुरुवात एका प्रश्नाने करता येईल. आपल्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात जाऊन विचारा: या वर्षी किती मुलं अठरा पूर्ण करतायत, आणि त्यातल्या किती जणांची राहायची सोय झाली आहे?

मी विचारायला जाणार आहे. त्या मुलालाही फोन करणार आहे. तो उचलेलच, असं नाही.