शरणार्थी कोण, हे कायद्यानेच सांगावे

शब्दाची किंमत न्यायालयाच्या दारात उभे राहिल्यावर कळते. ब्रिटनच्या २००२ सालच्या राष्ट्रीयत्व, स्थलांतर व आश्रय कायद्यात दोन संज्ञा आहेत: ‘संरक्षणाचा दावा’ आणि ‘मानवी हक्कांचा दावा’. मला परत पाठविल्यास १९५१ च्या निर्वासितविषयक कराराने ब्रिटनवर येणारे दायित्व मोडले जाईल, किंवा मी मानवतावादी संरक्षणास पात्र आहे, असे म्हणणाऱ्याचा दावा पहिल्या प्रकारचा. ही पाठवणी १९९८ च्या मानवी हक्क कायद्याच्या विरुद्ध ठरेल, असे म्हणणाऱ्याचा दुसऱ्या प्रकारचा. त्यात छळापासून मुक्ततेबरोबर कौटुंबिक जीवनाचा हक्कही येतो. २०१४ च्या सुधारणेनंतर स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील करण्याचा मार्ग मुख्यतः या दोन दाव्यांपुरता उरला. विद्यार्थ्याची वा नोकरदाराची मुदतवाढ नाकारली गेली, तर त्याच्या हाती बहुधा प्रशासकीय फेरतपासणीच राहते.

हे सारे आपल्यापासून दूरचे आहे, असे कोणी समजू नये. मुलगा लंडनला आणि आई पुण्यात एकटी, अशी घरे आता अपवाद राहिलेली नाहीत. २०१२ पासून अशा आईला मुलाकडे कायमचे जायचे असेल, तर रोजच्या व्यवहारांसाठी तिला दीर्घकाळ दुसऱ्याची शुश्रूषा लागते आणि ती मुलाने पैसे पुरवूनही मायदेशी मिळणे शक्य नाही, हे सिद्ध करावे लागते. ज्या शहरात पैसे मोजून बाई ठेवता येते, तेथील आईने हे सिद्ध कसे करायचे? अर्ज फेटाळला गेला, तर कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा आधार घेऊनच अपिलाचे दार ठोठवावे लागते. नियम कठोर आहे, किंबहुना निष्ठुर आहे. पण तो लिहिलेला आहे, आणि त्यावर भांडता येते.

आपल्याकडे स्थिती उलट आहे. येथे मन उदार आहे, पण कायदा मुका आहे. १९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्या सुमारे एक कोटी लोकांना या देशाने थारा दिला. त्यापूर्वी तिबेटी बांधवांना दिला. बोलताना आपण शरणार्थी आणि घुसखोर यांत स्वच्छ भेद करतो. १९४६ च्या विदेशी नागरिक कायद्याला तो भेद ठाऊक नव्हता. त्याची जागा घेणारा २०२५ चा कायदाही नागरिक नसलेल्या प्रत्येकास ‘विदेशी’ एवढेच म्हणतो. भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, आणि परक्यांनी बेतलेली व्याख्या मुकाट्याने स्वीकारू नये, या भूमिकेत तथ्यही आहे. परंतु मग आपली व्याख्या कोठे आहे?

७ सप्टेंबर २०१५ च्या अधिसूचनेत पाकिस्तान व बांगलादेशातील अल्पसंख्याकांच्या ‘धार्मिक छळा’चा स्पष्ट उल्लेख होता. २०१९ च्या नागरिकत्व सुधारणा कायद्याच्या कलमांत मात्र ‘छळ’ हा शब्दच नाही; तेथे देश, धर्म आणि ३१ डिसेंबर २०१४ ही तारीख आहे. त्या कायद्याने अनेकांच्या कपाळावरचा ‘बेकायदा’ हा शिक्का पुसला, ही मोठी गोष्ट झाली. पण जोधपूरच्या वस्तीत एखादे सिंधी हिंदू कुटुंब २०१६ साली आले असेल, तर त्याचे काय? २०२५ च्या सूट आदेशाने ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्यांना कागदपत्रांअभावी होणाऱ्या कारवाईतून वगळले. म्हणजे हे कुटुंब राहू शकते; २०१९ च्या कायद्यातील नागरिकत्वाची सवलत मात्र त्याला नाही. छळ तोच, सीमा तीच, फरक केवळ दिनदर्शिकेचा.

१९९६ साली चकमांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नागरिक नसलेल्याच्याही जीविताचे रक्षण हे राज्याचे कर्तव्य ठरविले. तेवढ्यावर जीव वाचतो. रेशनकार्ड, मुलाचा शाळाप्रवेश, नोकरी हे प्रश्न उरतातच. छळ कशास म्हणावे, तो कोणत्या पुराव्याने मानावा, निर्णय किती दिवसांत व्हावा आणि नकार मिळाल्यास दाद कोठे मागावी, हे संसदेने कायद्यात लिहावे. आज हे सारे सरकारी आदेशावर चालते, आणि आदेश काढणारे सरकार बदलू शकते.