गोडालाही ऋतू असतो

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापूरच्या बाजारात नव्या गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात आणि शहराच्या गोडाधोडाचे वर्ष खऱ्या अर्थाने सुरू होते. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसविलेल्या शाहूपुरीने गुळाच्या व्यापाराला हक्काची पेठ दिली. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले. थंडीत गुऱ्हाळे पेटतात, काहिलीत रस आटतो, भेंडीच्या चिकट पाण्याने मळी वर येते आणि साच्यात गुळाचा रवा बसतो. त्याच गुळाचे संक्रांतीला तीळगूळ होते, होळीला पुरण. वैशाखात अक्षय्य तृतीयेला भगवान ऋषभदेवांच्या इक्षुरसाच्या पारण्याचे स्मरण होते, त्यानंतर आमरसाचे दिवस येतात. ताटातला गोड पदार्थ पाहिला की कोणता महिना चालू आहे, हे पूर्वी विचारावे लागत नसे.

ही दृष्टी दूरच्या जपाननेही जपली आहे. तेथील पारंपरिक मिठाईला वागाशी म्हणतात. वसंतात खारवलेल्या चेरीच्या पानात गुंडाळलेली साकुरामोची मिळते. उन्हाळ्यात गार, पाणीदार मिझुयोकान. शरदात चेस्टनटची मिठाई. क्योतोमध्ये ३० जूनला मिनाझुकी खातात. तांदळाच्या पिठाची ती पांढरी त्रिकोणी वडी बर्फाच्या तुकड्याची आठवण देते. भात आणि लाल अझुकीच्या गोड सारणाचा एकच लाडू वसंतात बोतानच्या, म्हणजे पिओनीच्या फुलावरून बोतामोची होतो आणि शरदात हागीच्या फुलावरून ओहागी. पदार्थ तोच राहतो. ऋतू बदलला की नाव बदलते. अझुकी शिजवून, वाटून, साखरेत आटवलेले ते सारण म्हणजे जपानी पुरणच होय. बहुतेक वागाशी कडधान्य, तांदूळ, साखर आणि समुद्री शेवाळापासून केलेला अगर यांवरच उभी असते. तरीही व्यापारानिमित्त तेथे जाणाऱ्या जैन प्रवाशाने घटक विचारूनच घ्यावेत, कारण काही प्रकारांत अंडे असते, काहींत कंद. नववर्षाच्या हानाबिरामोचीत तर गोड मुरवलेले मूळच घातलेले असते.

जपानी कारागीर ऋतू मिठाईच्या रूपात दाखवितो. जैन स्वयंपाकघर तो दिवसांत मोजते. दिगंबर परंपरेत दळलेल्या पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३ दिवसांची मानली जाते. श्वेतांबर परंपरेत पक्क्या मिठाईला हिवाळ्यात ३०, उन्हाळ्यात २० आणि पावसाळ्यात १५ दिवसांची मुदत आहे. मात्र त्याआधीच वर्ण, गंध, रस किंवा स्पर्श पालटला, तर ती तत्क्षणी अभक्ष्य ठरते. पुरणपोळीसारखा ओलसर पदार्थ त्याच दिवशी संपवावयाचा असतो. फाल्गुन चौमासीनंतर तीळ-खजूर सुटतो आणि आर्द्रा नक्षत्र लागले की आंबाही. दमट हवेत जीवोत्पत्ती लवकर होते, हे निरीक्षण या गणिताच्या मुळाशी आहे. कोल्हापूरच्या पावसात चार दिवस डबा मिटून ठेवणाऱ्या गृहिणीला ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आज मात्र दुकानाच्या काचेआड बाराही महिने एकच ऋतू असतो. श्रावणातला पेढा आणि पौषातला पेढा शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळणार नाही. फरक हवेत असतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईसमोर ती कोणत्या तारखेपर्यंत खाण्यास उत्तम, हे लिहिणे बंधनकारक केले. बनविल्याची तारीख लिहिणे मात्र विक्रेत्याच्या इच्छेवर सोडले. आणि मर्यादेचे सारे गणित तर बनविल्याच्या दिवसापासूनच मांडावे लागते. ती तारीख ठाऊक नसेल, तर चातुर्मासात नियम पाळणारे घर दुकानदाराच्या तोंडी शब्दावर अवलंबून राहते.

येथे व्यापारी कुटुंबाची कसोटी लागते. बनविल्याची तारीख लिहिली, तर दहाव्या दिवशीचा माल ग्राहक मागे सारील, उरलेल्या ताटाचा तोटा गल्ल्याला बसेल, ही भीती खोटी नाही. त्यावरचा उपाय जुनाच आहे: पावसाळ्यात घाणा लहान काढावा, ओलसर प्रकार मागणीपुरतेच करावेत, टिकाऊ प्रकारांवर भर द्यावा. ताजी वागाशी एक-दोन दिवसांत खावयाची असते, म्हणून तिचा कारागीरही विकेल तेवढीच घडवितो.

फळीवरच्या चिठ्ठीवर एका तारखेऐवजी दोन तारखा लिहावयास क्षणभरच लागतो. पहिली तारीख कायद्यासाठी पुरेशी आहे. दुसरी लिहिणारा दुकानदार अनोळखी ग्राहकाच्या नियमाचा भार स्वतःच्या खांद्यावर घेतो. आणि ज्या घरी दिवस मोजून खाल्ले जाते, त्या घरातल्या माणसाने दुकानातही दिवस मोजूनच विकावे, हे ओघानेच येते.