गृहशोभा : माडीवरची गॉथिक खोली

माझें माहेर भंडाऱ्यास. घर जुनें, कौलारू, सागवानी खांबांचें; चार पिढ्यांचीं अकरा माणसें अजून एका चुलीवर जेवतात. गेल्या फाल्गुनांत मी तेथें गेलें तों घरांत अबोला. काय झालें म्हणून विचारतां वहिनींनीं नुसतें माडीकडे बोट दाखविलें.

लग्नास वर्षहि न झालेल्या भाचेसुनेनें माडीवरची आपली खोली ‘गॉथिक’ पद्धतीनें सजविण्याचा हट्ट धरला होता. भिंती काळ्या, पडदे काळे, उंच मेणबत्त्या आणि टोंकदार कमानी! नागपूरच्या एका सजावटकारानें खर्चाचा अंदाज अडीच लाखांचा दिला. माझा भाऊ एका शब्दांत ‘नाहीं’ म्हणून मोकळा झाला. आईनें (तिचें वय आतां ८६) काळ्या भिंतींचें नांव ऐकून कानांवर हात ठेवले. आणि भाच्यानें नागपुरास भाड्याची जागा पाहण्यास आरंभ केला. प्रश्न आतां रंगाचा राहिला नव्हता.

‘आत्याबाई, संक्रांतीस काळी चंद्रकळा मला आजींनींच नेसविली,’ सूनबाई म्हणाल्या. ‘अंगावर काळें चालतें, मग भिंतीवर कां नको?’ या युक्तिवादास मजपाशीं उत्तर नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर तो मला आवडलाहि.

परंतु तिचीहि एक समजूत मुळांतच चुकलेली होती. गॉथिक म्हणजे अंधार, असें हल्लीं चित्रें पाहून वाटूं लागलें आहे. वस्तुतः ही पद्धति जन्मली ती उजेडाच्या हौसेनें. पॅरिसजवळ सें-दनी येथील मठाधिपति सुजे यानें ११४० ते ११४४ या काळांत आपल्या चर्चचा पूर्वेकडील भाग नव्यानें बांधविला. टोंकदार कमानी आणि छताच्या फांसळ्या यांनीं वरचा भार ठराविक खांबांवर उतरविला. त्यामुळें मधल्या भिंतींवरचें ओझें गेलें व तेथें रंगीत कांचांच्या मोठमोठ्या खिडक्या बसवितां आल्या. ‘गॉथिक’ हें नांव मागाहून इटालियन लोकांनीं हिणविण्यासाठीं दिलें. गॉथ म्हणजे रानटी!

आणि ही शैली आपल्यास परकी तरी कोठें राहिली आहे? मुंबईचा राजाबाई टॉवर आपण सर्वांनींच मान वर करून पाहिलेला असतो. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या आराखड्याप्रमाणें १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत उभें राहिलेलें, आज छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस म्हणून ओळखलें जाणारें स्टेशनहि त्याच जातीचें. त्याच्या नक्षीकामांत जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात लागला. म्हणून तेथील दगडांत मोर आणि माकडें दिसतात. ही इमारत २००४ सालीं जागतिक वारशांत गेली.

राहिला पैशाचा प्रश्न. येथें मीं सूनबाईंस होरेस वॉल्पोल या इंग्रज गृहस्थाची गोष्ट सांगितली. यानें १७४९ पासून लंडनजवळच्या आपल्या स्ट्रॉबेरी हिल या बंगल्यास गॉथिक रूप देण्यास आरंभ केला. वेस्टमिन्स्टरमधील सातव्या हेन्रीच्या प्रार्थनामंदिराचें दगडी छत त्याला फार आवडलें. तसें दगडांत कोरवावयाचें म्हणजे राजाचीच तिजोरी हवी. त्यानें आपल्या दालनाचें छत चक्क कागदाच्या लगद्याचें करविलें! तो बंगला आजहि उभा आहे.

कागदाचा लगदा म्हणतांच सूनबाईंचे डोळे चमकले. दुसऱ्याच दिवशीं माडीवर वर्तमानपत्रांची रद्दी भिजली.

कमान आंखण्याचें काम सोपें आहे. त्यास खिळे, सुतळी व पेन्सिल पुरते. खिडकी ३ फूट रुंद होती. फळीवर ३ फुटांची आडवी रेघ मारून तिच्या दोन्ही टोंकांस खिळे ठोकले. सुतळी डाव्या खिळ्यास बांधून, दुसऱ्या टोंकास पेन्सिल अडकवून, बरोबर ३ फुटांच्या अंतरानें उजव्या टोंकापासून वर कंस काढला. नंतर सुतळी उजव्या खिळ्यास बांधून डावीकडून काढला. दोन्ही कंस भेटतात तेंच कमानीचें टोंक. तें रेघेपासून सुमारें २ फूट ७ इंच उंच येतें. सुतारानें त्या आंखणीवर प्लायवुडची पट्टी कापून दिली.

लगद्यानें मात्र दगा दिला. एकदम जाड थर दिल्यामुळें तो वाळतांना तडकला, आणि त्यास वासहि येऊं लागला. आमची आई गुडघ्यांमुळें माडी चढत नाहीं. त्या दिवशीं ती वास घेत घेत, कठड्यास धरून वर आली. तुकडा हातांत मोडून पाहिला आणि विचारलें, ‘यांत मेथी कुठें आहे?’

ज्यांच्या आजीनें कागदाच्या टोपल्या केल्या असतील त्यांना पुढचें सांगावयास नकोच. इतरांसाठीं लिहितें. कागद बारीक फाडून तीन दिवस भिजवावा व रोज पाणी बदलावें. पिळून उखळांत कुटावा. भिजविलेली मेथी वाटून त्यांत मिसळावी; तिनें लगदा चिकट होतो व कीड लागत नाहीं. थर बोटाच्या पेरापेक्षां पातळ असावा, आणि पहिला खडखडीत वाळल्यावांचून दुसरा देऊं नये. चैत्रांतील आमच्या ऊन्हांत दोन दिवस पुरतात. पावसाळ्यांत या उद्योगास लागूंच नये, बुरशी येते.

इंग्लंडांतील साउथवेलच्या चर्चमध्यें तेराव्या शतकांतील पाथरवटांनीं ओक, हॉथॉर्न अशीं ओळखीचीं पानें कोरलेलीं आहेत. आईनें कमानीवर पळसाचीं पानें आणि भाताच्या लोंब्या वळल्या. आमचा जिल्हा भाताचा. लोंबी तिला न पाहतां वळतां येते.

काळ्या रंगाबद्दल तह झाला. पलंगामागची एकच भिंत करडी, बाकीच्या तीन चुन्याच्या पांढऱ्या. चारहि भिंती काळ्या केल्या असत्या तर दिवसाढवळ्या दिवे लावावे लागले असते. काजळी पाण्यांत सहसा भिजत नाहीं. साबणाच्या पाण्यांत घोटून मग चुन्यांत घालावी. मेणबत्त्यांऐवजीं अडगळींतल्या दोन उंच समया चिंचेनें घांसून काढल्या. पितळेच्या गांवांत लोखंडी दिवे विकत आणणें मला तरी पटत नव्हतें. मात्र कागदी नक्षी व पडदा यांच्याजवळ ज्योत नको, म्हणून त्यांवर विजेचे लहान दिवे बसविले.

पडद्याचें कापड बाजारांतून आणावयाचें ठरत होतें. आईनें आपला विरलेला कोशाचा मुकटा काढून दिला. मोहाडीकडचा तो कोसा, रंग मधासारखा. सोंवळ्याचें वस्त्र खिडकीस लावावयाचें, हें वहिनींना रुचलें नाहीं. अजूनहि रुचलेलें नाहीं. पण सकाळचें ऊन त्यांतून येतें तेव्हां रंगीत कांचेची आठवण होत नाहीं.

एकूण खर्च ३,१५० रुपये : प्लायवुड व सुताराची मजुरी २,२००, चुना व काजळी ४००, बाकी रंग, स्क्रू व दिवे. भावानें आंकडा दोनदां विचारून घेतला आणि संध्याकाळीं कांहीं न बोलतां माडीवर जाऊन खोली पाहून आला.

भाच्याची नागपूरची जागा पाहणें सध्यां थांबलें आहे. कमान मात्र सूनबाईंनीं भिंतींत पक्की केलेली नाहीं. ती आठ स्क्रूंवर आहे, काढून नेतां येते. हें आईला ठाऊक आहे. दुसऱ्या खिडकीच्या कमानीसाठीं तिनें रद्दी जमवावयास घेतली आहे.